विसण

(चुलीवर पातेल्याचं झाकण खडखडतं. पंढरी, त्याची बायको सुगंधा आणि लहानगी नलू चुलीपाशी बसलेत.)

सुगंधा : उकळलं पाणी. आता तरी बोला, का झाकणानंच बोलायचं?

पंढरी : काय बोलू? शेजारच्या येसूबाईनं सगळं सांगितलंच हाय ना तुला.

सुगंधा : सांगितलं. प्रकल्पाच्या कामावरून सुटलेला नवरा कुंभवलीच्या वाटेत दर झाडाखाली थांबतो. ताडी ढोसतो, म्हणे.

पंढरी : हुंग तोंड. येतो ताडीचा वास?

सुगंधा : बिडीचा येतो.

पंढरी : बिडीच ओढतो. चालताना पोटरी अशी आवळते, वल्लं फडकं पिळावं तशी. लोकांसमोर उगाच कसं थांबू? बिडी पेटवली की कोण विचारत नाय. ती संपेतो पाय मोकळा. चाललो की परत तेच.

सुगंधा : उभं राहिलं की जातं? हे कसलं दुखणं, बाई!

पंढरी : मला तरी कुठं कळतंय? मुकादमाला कळलं तर कामावरून काढील.

सुगंधा : पालघरच्या डॉक्टरला बोललात?

पंढरी : त्यांनी हाताची नाडी बघितली, छाती ऐकली. बोलले, साखर हाय, गूळ सोड.

सुगंधा : आणि पाय?

पंढरी : चिखलानं भरले होते गं. खुर्चीखाली ओढून घेतले.

सुगंधा : शाणेच तुमी! अंगठ्याची जखम दिवाळीपासून भरत नाय, ती पण खुर्चीखालीच?

पंढरी : ती कुठं दुखते?

सुगंधा : झोपेत तुमचा तो पाय लागला तर दचकते मी. एकच पाय, खाडीतल्या दगडासारखा गार. हे घमेल्यात ओतलं. शेका आता. नलू, लांब बस गं.

पंढरी : बसू दे तिला. पाय बुडवलाय, बरं वाटतंय.

नलू : बाबा, मी पण बोट बुडवते... आई गं! भाजलं! भाजलं!

सुगंधा : बघू. धर, गार पाण्यात धर बोट. अवो, विसण नाय घातलंत?

पंढरी : गार पाणी? मला वाटलं, तू घातलंस.

सुगंधा : बादली बाजूला ठेवलीय ना! काढा पाय. कढत हाय ते!

पंढरी : कढत? मला तर कोमट लागलं.

सुगंधा : कोमट? कातडी बघा कशी झालीय!

पंढरी : दुखत नाय गं. दुखत नाय म्हणजे बरंच ना?

सुगंधा : मला काय ठाऊक? उद्या पयल्या गाडीनं पालघर. पाय त्यांच्या टेबलावर ठेवायचा, चिखल असला तरी. मी येते संगती.

पंढरी : खाडा पडेल.

सुगंधा : पडू दे.

नलू : आई, माझं एवढंसं बोट बुडलं तर मी रडले. बाबांचा आख्खा पाय बुडला, मग बाबा का नाय रडले?