ताईचे स्वच्छ फोटो

फोटोतला हा डाग काढून टाकू म्हणता? आईंच्या कानाशेजारचा? काढते की — त्यात काय, मी झोपेतसुद्धा काढीन. पण भाऊ, एक विचारू का, हा कधीपासून आहे? नाही, सहज. खपली धरते? पडते आणि पुन्हा धरते? ... हं. बसा ना जरा. कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागतो — नाही हो, चालूच आहे, उगाच खोटं बोलले. बसा.

माझी थोरली बहीण शाळेत खेळ शिकवते. सगळा जन्म उन्हात, गळ्यात शिट्टी. टोपी घाल म्हटलं की म्हणायची, ‘टोपीखाली माझे डोळे दिसले नाहीत, तर पोरं घाबरणार कुणाला?’ तिच्या ओळखपत्राचा फोटो दर वर्षी इथंच, त्या स्टुलावर. तर तिच्या नाकपुडीशेजारी एक पुळी आली — चकचकीत, टाचणीच्या डोक्याएवढी. मी पुसली. फोटोतली म्हणजे. मुरूम, डोळ्यांखालचं काळं — गिऱ्हाइकानं सांगायच्या आत माझा हात पोचलेला असतो, सवयच ती. पुढच्या वर्षी ती शर्टाच्या बटणाएवढी होती, मी मोठा ब्रश घेतला. कळतंय का तुम्हाला? मोठा ब्रश घेतला, म्हणजे मला दिसलं होतं. शाळेतल्या बायका म्हणायच्या, अगं दाखव कुणाला तरी — तर ही बया गळ्यातलं ओळखपत्र पुढे करायची, ‘हे बघा, आहे का काही? आधी आपले चष्मे पुसा!’

मग टॉवेलला रक्त लागायला लागलं, तेव्हा गेलो. डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासायला पाठवला — कातडीचा कॅन्सर. घाबरू नका म्हणाल्या, हा प्रकार सहसा दुसरीकडे पसरत नाही, पण बसल्या जागी पोखरत राहतो, काढावाच लागतो. कधीपासून आहे म्हणून त्यांनी विचारलं, तर ताईनं पर्समधून जुनी ओळखपत्रं काढून टेबलावर पत्त्यांसारखी मांडली — ‘बघा, यंदाचंच आहे हो.’ सगळी नाकं स्वच्छ. आणि मी शेजारी उभी. तोंडातून ब्र काढला नाही. का नाही काढला? तेच तर. ती माझ्याकडे बघून हसली हो — कौतुकानं, की बघा, माझ्या बहिणीनं काढलेत.

ऑपरेशन जागेपणीच होतं, तेवढीच जागा बधिर करतात. एक पातळ थर कापायचा, पट्टी लावून बाहेर बाकावर बसवायचं, तो थर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा — कडेला काही उरलेलं दिसलं की पुन्हा आत. एकदा झालं, पुन्हा बोलावलं. वरून दिसत होतं त्याहून आत जास्त पसरलेलं निघालं. ताई बाहेर येऊन म्हणाली, ‘नाक कापतायत की कांदा सोलतायत?’ — आणि मला रडूच फुटलं. ती म्हणाली, ‘अगं वेडे, नाक माझं गेलंय, तू कशाला रडतेस?’ तेव्हा सांगून टाकलं. मला दिसत होतं ताई, दर वर्षी मीच पुसत होते, आणि परवा तिथं गप्पही मीच बसले. तिनं माझा हात धरला होता, तो सोडला. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा एकटीच उठून आत गेली.

निघालं हो सगळं. कानामागची कातडी घेऊन नाकाला लावली. वेळेवर गेलो असतो तर दोन टाक्यांत भागलं असतं — असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत, मी म्हणते.

तर हा घ्या तुमचा फोटो. आईंचं तसलंच असेल असं नाही, मला काय कळतंय त्यातलं — पण आधी त्यांना घेऊन जा आणि दाखवा, मग या. नाही, मी नाही पुसणार. शेजारच्या दुकानातही जाऊ नका, तो पुसून देईल. उठा, उन्हं कलायच्या आत गाठा कुणाला तरी.

काय? ताई? त्या दिवशी काहीच बोलली नाही, घरी जातानाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती इथं आली, त्या स्टुलावर बसली, आणि नाकावरच्या पट्टीसकट तिनं ओळखपत्राचा नवा फोटो काढून घेतला.