करंगळी ताठ होती

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

"कालच्या पिक्चरमधला गोळीबार काय झकास होता गं!"

"अहो, तुम्हाला दिसला कुठे? नुसता धूर दिसला असेल."

"तुझा हात होता ना माझ्या हातात. पाच मारेकरी, पाच बोटं. कुठलं बोट कोण, ते तू आधीच सांगितलंस. एक पडला की तू त्याचं बोट मिटायचीस."

"त्यात कसली आलीय मजा?"

"गोळ्या काय, कुठल्याही पिक्चरमध्ये सुटतात. आता कुठलं बोट मिटणार, यात जीव अडकतो. तो जाड्या, म्हणजे अंगठा, गेला तेव्हा मला घाम फुटला."

"आणि करंगळी?"

"तो म्हातारा ना? माझा लाडका! करंगळी शेवटपर्यंत ताठ."

"हो, वाचला बाई तो."

"खोटारडे! म्हाताऱ्यावर गोळी सुटली, तेव्हा सगळं थिएटर हळहळलं की."

"अगंबाई! मग काल बोलला का नाहीत?"

"तुला त्याला मारवलं नाही, मी कशाला मारू? ऑपरेशन झालं की परत जाऊ त्याच पिक्चरला."

"आता तो मरताना दिसेल की तुम्हाला."

"तेवढ्यापुरते माझे डोळे झाक."