वेणूताईंचा कलप

१९१९ साली लोणावळा स्टेशनच्या बाकावर आमच्या शेजारच्या वेणूताई गाडीची वाट पाहत होत्या. मी जवळच होते. करवंदं विकणारी धोंडाबाई त्यांच्याशेजारी टेकली.

“ताई, क्येस काळं कशानं झालं वो?”

“कलप लावलाय. गंगाधर लढाईवरून येतोय आज.”

“मंग?”

“तो गेला तेव्हा एकही पांढरा नव्हता. त्याला वाटेल, आई माझ्या काळजीनं म्हातारी झाली.”

“माजा बी आला. मी हाय तशीच गेलते म्होरं.”

“काय म्हणाला?”

“रडला. मंग भाकर मागितली.”

“म्हणून तर लावला.”

“घामानं उतरतुया का?”

“आज उतरू नये, एवढंच.”

गाडी आली. चोविशीतला गंगाधर उतरला. त्याचं सगळं डोकं पांढरं झालं होतं.

वेणूताईंनी पुन्हा कलप लावला नाही. बाजारात नवखी माणसं त्या मायलेकांना बहीणभाऊ समजत. धोंडाबाई मात्र लांबूनच हाक मारायची, “ताई, लेकाला करवंदं न्या.”