मांडीवरचे साहेब

—नाही नाही, बसा की. ती पिशवी सरकवा, माझीच आहे. मीच सरकवली असती, पण उजवा हात गेलाय — मुंग्या येऊन मेलाय, साहेबांच्या मानेखाली. हो, या झोपल्यात त्याच साहेब. अडीच वर्षांच्या. एका देशातून दुसऱ्या देशात बदली झालीय, कायमची, आणि मी त्यांचा शिपाई. जन्मभर कारकुनी केली, निवृत्त झालो, म्हटलं सुटलो एकदाचा साहेब लोकांच्या तावडीतून — तर हे बघा. तुम्ही मराठी हे त्या मासिकावरून ओळखलं. विमानाचं विचारू नका. फळ्यावर सकाळपासून ‘विलंब’ लिहिलंय, आणि त्या काउंटरवरची मुलगी असं हसते, जणू विलंब आम्हाला बक्षीस मिळालाय.

नात? नातच म्हणायची, सगळे शिक्के बसलेत. माझ्या लेकीनं दत्तक घेतली. ती काय, खांबाजवळ, निळ्या शालीतली, पुस्तक वाचतेय. वाचत कसली — मघापासून एक पान उलटलेलं नाही. जावयाची रजा ऐनवेळी नामंजूर झाली, म्हणून त्याच्याऐवजी मी आलो. माझं काम काय, तर बॅगा धरायच्या. आता बॅगा तिच्याजवळ आहेत आणि पोर माझ्याजवळ. सगळं कामकाजच उलटं!

कारण पोर तिच्याकडे जातच नाही हो. लेकीनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? पुस्तकं वाचली, वर्ग केले, पोरीची भाषा शिकली — भिंतीवर चिठ्ठ्या लावून, परीक्षेला बसल्यासारखी. आणि पोरीच्या त्या अनाथाश्रमात पोहोचलो, तर पोरीनं हिच्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चालत येऊन माझ्या बुटावर बसली. मला त्या भाषेतलं ‘पाणी’सुद्धा येत नाही. मी आपलं म्हणतो, “साहेब, आपला अर्ज मिळाला, विचार चालू आहे,” आणि ती खदखदून हसते. नंतर कळलं, तिथला म्हातारा स्वयंपाकी तिला खांद्यावर घेऊन फिरायचा, आणि त्याला अशीच पांढरी मिशी. म्हणजे माझी पात्रता काय? मिशी! आता मिशी काही लेकीला देता येत नाही.

हसा, हसा. पासपोर्टच्या खिडकीवर असता तर हसला नसता. अधिकारी म्हणाला, मूल आईच्या कडेवर पाहिजे. दिलं. तर पोरीनं असा टाहो फोडला, की अख्खी रांग वळून बघायला लागली — कुणी पळवून नेतंय की काय! आत नेलं आम्हाला. खिडकी नसलेली खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. कागद उलटे केले, सुलटे केले, आणि मग तो माणूस लेकीला विचारतो, “आई नक्की तुम्हीच ना?” अहो, चहात साखर जास्त घेतली म्हणून मला फाडून खाणारी माझी लेक — ती शाल नीट करत बसली. शेवटी मीच ओरडलो, मराठीत. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण शिक्का मारला.

आणि आता उतरल्यावर परत तशीच खिडकी. पलीकडे जावई, त्याची आई, फुगे. मघाशी ही म्हणाली, “बाबा, बाहेर पडताना तुम्हीच घ्या तिला. सगळ्यांसमोर नको.” एवढंच म्हणाली आणि त्या खांबापाशी जाऊन बसली. मला सांगा, ही काय बोलायची पद्धत झाली? आणि कायम असंच म्हणत राहिली तर?

हे? चष्म्याचं घर. हत्यार आहे माझं. कुरकुर सुरू झाली की उघडायचं, मिटायचं — टक्. लगेच शांत. मघाशी सुद्धा — हिनं स्वतःचा बूट काढला आणि लेकीच्या दिशेनं धरला, असा. घालून दे म्हणून. लेक अर्धी उठली, आणि मी टक् केलं. पोर वळली माझ्याकडे. लेक परत बसली.

का म्हणजे? रडेल असं वाटलं मला. — नव्हती रडत, हो, बरोबर आहे तुमचं. फारच बारीक लक्ष असतं बुवा तुमचं! काल हॉटेलातही तसंच झालं, आता विचारताय म्हणून आठवलं. अहो, असं बघू नका माझ्याकडे. सगळी नोकरी झाली, कुठल्या साहेबानं कधी मला मागून घेतलं नाही. बदली निघाली की म्हणायचे, द्या कुणालाही पाठवून. आणि या पोरीनं आश्रमातल्या त्या भरलेल्या खोलीतून... जाऊ दे. मिशीमुळेच ते. कळतं मला.

शू. उठल्या साहेब. या, या. काय हुकूम? — बघा. परत बूटच काढला. आणि बघतेय कुठे, ते बघा.

हे धरा. चष्म्याचं घर हो! खिशात टाका तुमच्या, आणि वाजवू नका, शपथ आहे. नाही, खिशात नको, नंतर लेकीला नेऊन द्या. म्हणावं... काही म्हणू नका, नुसतं द्या.

जा साहेब. जा की. बूट घेऊन जा — तिकडे.

मी आपला बाहेरची विमानं बघतो. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, पडायची एखादे वेळी — पडली? नाही ना? पोहोचली? लेकीनं पुस्तक ठेवलं का खाली? तिला म्हणावं एकदम उचलू नकोस, आधी बूट घाल, नुसता बूट — रडतेय का कुणी? त्या दोघींपैकी कोण —

नको, सांगू नका. तुम्हाला कुणी विचारलं? वाचा तुमचं मासिक. आणि ती पिशवी द्या इकडे, माझा हात मोकळा आहे आता.