त्र्यंबक मसाला आणि मी

बाजारात लोक मला 'मसाला' का म्हणून राह्यले, ते आधी ऐका, मंग चहा प्या.

माझं नाव त्र्यंबक. आमची बायको जाफराबादला घरूनच रेसिपीचा ब्लॉग चालवते. एका कंपनीनं तिला जाहिरातीसाठी मसाल्याचे डबे पाठवले अन् मसाल्याचं नाव निघालं त्र्यंबक! पुण्याच्या पीआरवाल्या मॅडमची अट एकच. व्हिडिओत ब्रँडचं नाव तोंडानं घ्यायचं, न्हाई तर काम रद्द.

बायको कॅमेऱ्यासमोर म्हणाली, "आता वांग्यात यांच्या नावाचा मसाला टाका."

व्हिडिओ पाहून मॅडमचा लगेच व्हिडिओ कॉल आला. "यांच्या म्हणजे कुणाच्या?"

बायकोनं माझ्याकडं बोट केलं.

"सर, तुम्ही कंपनीचे मालक का?"

"न्हाई मॅडम, मी नवरा. ती माझं नाव घेत न्हाई."

शेवटी असं ठरलं, की तिनं चमचा उचलला की मी कॅमेऱ्यामागून ओरडायचं, "त्र्यंबक!" तो व्हिडिओ बाजारात सगळ्यांनी पाह्यला, अन् मी झालो 'मसाला'.

परवा गणपत मसालावाल्यांचा फोन आल्ता. मी म्हटलं, "घे हे काम, हे नाव तर तुला बिनधास्त घेता येतं."

ती म्हणाली, "अन् भाजी बिघडली मंग? तुमच्याशी भांडता येतं, परक्या माणसाशी कशी भांडू मी?"