गवताला कसला खांदा

ऐका गं पोरींनो, ऐका रे. कंदील जरा बारीक करा. अन् खिंडीकडं पाठ करून बसू नका.

ग्यानू आपल्याच गावचा. मिसरूड फुटलं न फुटलं तोच पलटणीत गेला. बोटीत घालून पार बसऱ्याच्या लढाईला नेला. तिथंच गोळी लागली, तिथंच पुरला. घरी नुसती तार!

मढं नसलं की गवताचं करतात. दर्भाचा बाहुला करून जाळतात. पण त्यालाही चौघांचा खांदा लागतो बरं! थोरला भाऊ बाळकू म्हणाला, "गवताला कसला खांदा? चौघं बोलवायची अन् वर जेवायला घालायची?" अन् नेला की काखेत मारून, सरपण नेतात तसा! ग्यानूच्या बायकोला, सारजेला, "नवरा गिळलास" म्हणून खिंडीखालच्या खोपटात नेऊन टाकलं.

वर्ष सरलं. बाळकू बाजाराहून रात्रीचा निघाला. लोक म्हणाले, राहा. राहतोय कशाला!

खिंडीत मागनं बूट वाजले. खाड, खाड. हा थांबला की तेही थांबायचे.

"दादा, बिडी हाय?"

बाळकूनं मागं न बघताच दिली. काडी ओढल्याचा आवाज झाला, तशी मान वळलीच. झुरका तोंडानं, अन् धूर निघतोय छातीच्या भोकातनं! आई गं!

"दादा, खांदा दे. लई लांबनं आलोय."

बाळकू पळाला. पण पळतोय कुठं? ते खांद्यावर बसलंच होतं! आधी गवतासारखं हलकं. मग पोत्याएवढं. मग बैलाएवढं! गुडघे टेकले, तोंडात माती गेली, खांद्याचं हाड कडाडलं.

"काखेत मारलंस न्हवं? आता ने मसणापतुर."

खाली दिवा दिसला. सारजेच्या खोपटातला. अन् माणसाची जात बघा! बाळकू ओरडला, "मला सोड, ग्यान्या! ती बघ तुझी बायकू! तिचा खांदा घे!"

ओझं गेलं. एकदम गेलं! खाली दार वाजलं. आतनं सारजा म्हणाली, "आलासा? या की. कवाधरनं वाट बघतीया."

सकाळी मसणवट्यात सापडली. खांदा चेचलेला. कपाळावर ठसठशीत कुंकू.

बाळकू जगला. वाकडा खांदा घेऊन, दोन्ही वेळचं गिळत, म्हातारा होऊन मेला. मरताना बरळला, तेव्हा हे सगळं गावाला कळलं.

म्हणून सांगते, रात्रीचं त्या खिंडीनं जाऊ नका. चौघांचा खांदा लागतो. बाळकूनं अर्ध्या वाटेत टाकला, तो काय धरायचा? सारजेचा तेवढा एक झाला.

तीन अजून हवेत त्याला.