सुनेने सर्व्हरचा मोड बदलला तेव्हा

हसू नका, चहा सांडेल. कॉम्प्युटर माझा मी शिकले, कुणाच्या बापाने शिकवला नाही, म्हणून सांगते.

शुक्रवारी आमचे लूम बंद. तो मोका साधून आमच्या सुनेने, सारिकाने, कारखान्यातला सर्व्हर नव्या सिस्टिमवर न्यायला घेतला. ह्यांनी काढलेली साड्यांची सगळी डिझाइनं त्यातच. हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. टेमघरला घरी मला तिचा फोन, "आई, स्क्रीन काळी पडली. बाबांची डिझाइनं गेली हो!"

रिक्षा करून धामणकर नाक्यावरच्या कारखान्यात पोचले, तर पोरगी रडून लाल झालेली.

"काय बदललंस?"

"सुरू व्हायचा मोड. नव्या सिस्टिमला यूईएफआय हा नवा मोड लागतो ना."

"आणि डिस्क जुन्याच पद्धतीची ठेवलीस?"

"हो."

"मग त्याला त्या डिस्कवरून सुरू होता येईल का, बाई? आधी डिस्कची पद्धत बदलायची, मग मोड. कर परत जुना लेगसी मोड."

तिने केलं. मशीन सुरू झालं. डिझाइनं जागच्या जागी! तिने माझा हात घट्ट धरला.

"रडणं पुरे. पुढचं काही करायच्या आधी कॉपी काढ," मी म्हटलं.

कॉपी काढताना तिने ह्यांचं शेवटचं डिझाइन उघडलं. पदर अर्धाच काढलेला.

"हे राहूनच गेलं," ती म्हणाली.

"तू पूर्ण कर."

"मी? बाबांना माझे रंग कधीच पटायचे नाहीत."

"माझे तरी कुठे पटले? सरक जरा. दोघी मिळून करू."